अठ्ठावीस सांधे आणि एक प्रथिन

मूठ वळून बघा. बोटं पंज्याला जिथे जोडलेली आहेत तिथे चार उंचवटे दिसतील, आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये खळगा. आमवात सुरू झालेल्या माणसाच्या हातावर हे खळगे भरून येतात. मूठ पुरती वळतच नाही, सकाळी तर नाहीच. संधिवाताचे डॉक्टर पेशंटचा हात हातात घेतात आणि एकेका सांध्यावर अंगठ्यांनी दाबत जातात. अंगठ्याखाली टणक, हाडासारखं लागलं तर बहुतेक वयाची झीज. लिबलिबीत, स्पंजासारखं लागलं तर सांध्याचं अस्तर सुजलेलं आहे. जोर किती लावायचा याचाही नेम ठरलेला आहे: दाबणाऱ्याच्या स्वतःच्या नखाचा रंग पांढरा पडेल, इतकाच.

असे अठ्ठावीस सांधे मोजायचे. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, बोटांच्या मुळाशी असलेले दहा, बोटांच्या मधले दहा आणि दोन गुडघे. दुखतात किती आणि सुजलेत किती, असे दोन वेगळे आकडे लिहायचे. पावलं या यादीत नाहीत. बूट-मोजे उतरवून पावलांचे सांधे तपासण्यात वेळ जातो, आणि तिथली सूज हाताला ओळखूही नीट येत नाही. पण आमवात कित्येकदा पावलांपासूनच सुरू होतो, त्यामुळे ही सोय पेशंटची नसून डॉक्टरांची आहे, असं मला नेहमी वाटत आलंय.

बाहेरून बघणाऱ्याला ही मोजणी फारच गावठी वाटते. हृदयाच्या डॉक्टरांकडे ईसीजी असतो, मधुमेहाच्या डॉक्टरांकडे साखरेचा आकडा असतो. संधिवाताच्या डॉक्टरांकडेही रक्ताच्या तपासण्या आहेत, पण त्यातली एकही एकटीच्या बळावर निकाल देत नाही. 'रुमेटॉइड फॅक्टर' नावाची तपासणी खऱ्या आमवाताच्या काही पेशंटांत निगेटिव्ह येते आणि काही ठणठणीत माणसांत पॉझिटिव्ह. म्हणून शेवटी अंगठाच.

गेल्या अर्धशतकातला या शाखेतला सगळ्यात मोठा शोध याच अंगठ्याच्या मोजणीवर सिद्ध झाला. त्यामागच्या दोघांपैकी एक होते लंडनच्या चॅरिंग क्रॉस हॉस्पिटलमधले संधिवाततज्ज्ञ, सर रविंदर नाथ मैनी. त्यांचं काम पायरीपायरीने समजून घेतलं तर या शाखेतले ज्येष्ठ डॉक्टर-संशोधक आयुष्यभर नेमकं काय करतात ते कळतं. त्यासाठी आधी आजार कळायला हवा.

घरात शिरलेले राखणदार

सांधा म्हणजे दोन हाडांची टोकं, त्यांच्यावर गुळगुळीत कूर्चा, आणि भोवती एक पिशवी. पिशवीला आतून पातळ अस्तर असतं. निरोगी सांध्यात ते इतकं पातळ असतं की पेशींचे एक-दोन थरच भरतील. त्याचं काम वंगण पुरवण्याचं. आमवातात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या आजारात, शरीराची प्रतिकारशक्ती या अस्तरावर उलटते. जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे येऊन मुक्काम ठोकतात. अस्तर फुगतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या उगवतात, आणि ते कूर्चा व हाड पोखरायला लागतं. गुडघ्याची वयाप्रमाणे होणारी झीज वेगळी. तिथे सांधा वापरून झिजतो, इथे तो आतून कुरतडला जातो. आमवात तिशी-चाळिशीतही येतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त दिसतो.

या पेशी एकमेकींशी बोलतात कशा, हा सगळ्या गोष्टीचा गाभा. त्या छोटी छोटी प्रथिनं सोडतात. एका पेशीने सोडलेलं प्रथिन दुसरीच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि तिला निरोप मिळतो: 'जागी हो', 'वाढ', 'आणखी जणींना बोलाव'. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. सुजलेल्या सांध्यात असे डझनावारी निरोप एकाच वेळी फिरत असतात. गर्दीच्या चौकात सगळे एकदम ओरडत असावेत, तसं.

सोनं, कॉर्टिसोन आणि व्हीलचेअर

मैनी डॉक्टर झाले तेव्हा या शाखेकडे तरुण डॉक्टर फारसे वळत नसत, आणि त्याचं कारण सरळ होतं: देण्यासारखं फार काही नव्हतं. भरपूर ॲस्पिरिन, सांध्यांना आधारपट्ट्या, विश्रांती, आणि सोन्याची इंजेक्शनं. हो, खरंखुरं सोनं, क्षाराच्या रूपात. त्यामागची कथा गमतीची आहे. १८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांना दिसलं की सोन्याचा एक क्षार काचपात्रात क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतो. पुढे १९२९ मध्ये झाक फोरेस्टिये या फ्रेंच डॉक्टरांनी, आमवात क्षयासारखाच असावा अशा समजुतीने, सोनं आमवाताच्या पेशंटांना दिलं. समजूत साफ चुकीची निघाली, औषध मात्र काही जणांना लागू पडलं. क्षय आणि आमवाताची ही गाठ पुढे आणखी एकदा पडणार होती, आणि तेव्हा ती गमतीची नव्हती.

१९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका तरुण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये हेंच यांना आणि त्यांच्याबरोबर केंडल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ घेतलेल्या कॉर्टिसोनने चेहरे सुजले, हाडं ठिसूळ झाली, आणि औषध थांबवलं की दुखणं दुप्पट होऊन परत आलं. या शाखेच्या मनावर तो चटका कायमचा राहिला. नवं औषध आठवड्याभरात चमत्कार करतं असं कुणी म्हटलं की जुने संधिवाततज्ज्ञ भुवया उंचावतात, त्याचं मूळ इथे आहे.

लुधियाना, कंपाला, लंडन

मैनींचा जन्म १९३७ मध्ये लुधियान्यात झाला. कुटुंब युगांडात स्थायिक झालं होतं. वडील अमर नाथ मैनी पुढे कंपालाचे महापौर झाले. रविंदर शिकायला इंग्लंडला गेले, केंब्रिजमध्ये आणि मग लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शिकून १९६२ मध्ये डॉक्टर झाले. सहकाऱ्यांमध्ये ते 'टायनी' या लाडक्या नावाने ओळखले जातात. १९७० मध्ये ते चॅरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट झाले. पश्चिम लंडनमध्येच केनेडी इन्स्टिट्यूट होती, १९६५ मध्ये फक्त संधिवाताच्या संशोधनासाठी उभी राहिलेली संस्था. एकीकडे वॉर्ड आणि बाह्यरुग्ण विभाग, दुसरीकडे प्रयोगशाळा, अशी त्यांची ये-जा पुढे आयुष्यभर चालली. १९९० ते २००० या काळात ते त्या संस्थेचे संचालक होते.

पेशींच्या निरोपांचा नाद त्यांना फार आधीच लागला होता. १९६९ मध्ये केनेडीतल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींतून सुटणाऱ्या अशाच एका घटकावर 'नेचर'मध्ये निबंध लिहिला होता. तेव्हा या निरोपांची नावंही धड ठरलेली नव्हती. कुठल्या तरी द्रवात 'काहीतरी' आहे आणि त्याने पेशी वाढतात, एवढंच कळत होतं. ते 'काहीतरी' शुद्ध स्वरूपात हाती यायला अजून पंधरा वर्षं लागणार होती.

मग १९८०च्या दशकाच्या मध्यात त्यांना जोडीदार मिळाला. मार्क फेल्डमन, १९४४ मध्ये ल्वूफमध्ये (आज युक्रेनमधलं लविव) जन्मलेले, ऑस्ट्रेलियात वाढलेले आणि लंडनला आलेले प्रतिकारशास्त्रज्ञ. फेल्डमन थायरॉइडच्या आजारावर काम करताना या विचाराशी आले होते की प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटते तेव्हा आग धगधगत ठेवण्याचं काम त्या जागेवरचे सायटोकाइन करत असावेत. पण थायरॉइडच्या पेशंटचा थायरॉइड काढून रोज कोण देणार? आमवातात ती अडचण नव्हती. गुडघा किंवा नितंबाचा सांधा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये सुजलेलं अस्तर काढून टाकलं जातं. एरवी ते कचऱ्यात जातं. मैनींकडे ते पेशंट होते.

एकाचं तोंड बंद केलं तर?

ऑपरेशन थिएटरमधून अस्तराचा तुकडा प्रयोगशाळेत आला की तो बारीक कापायचा, विकरांनी त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि काचपात्रात पोषक द्रवात ठेवायच्या. बाकी काही करायचं नाही. नेहमी प्रयोगशाळेत पेशींना काही तरी डिवचावं लागतं, मग त्या निरोप सोडतात. या पेशींना डिवचावं लागत नव्हतं. शरीराबाहेर आल्यावरही त्या दिवसचे दिवस आपल्या आपण सायटोकाइन सोडत राहिल्या, जणू सांधा अजून जागेवरच आहे. यामुळेच हे काचपात्र आजाराची बऱ्यापैकी खरी प्रतिकृती ठरलं.

द्रवात मोजणी केली तर इंटरल्युकिन-१ सापडलं, इंटरल्युकिन-६ सापडलं, टीएनएफ सापडलं, आणखी बरंच काही सापडलं. आणि इथेच बहुतेक लोक थांबले. त्यांचं म्हणणं बिनतोड वाटावं असं होतं: इतके निरोप एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातला एक अडवून काय उपयोग? एकाचं तोंड दाबलं तर दुसरा बोलेल.

फिओन्युला ब्रेनन या त्यांच्या सहकारी संशोधिकेने हे म्हणणं तपासून पाहिलं. काचपात्रात टीएनएफला पकडून निकामी करणारी प्रतिपिंडं (एका ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारी प्रथिनं) घातली आणि इतर निरोपांचं काय होतं ते मोजलं. इंटरल्युकिन-१ झपाट्याने खाली आलं. १९८९ मध्ये हा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढच्या प्रयोगांत दाह वाढवणारे आणखीही निरोप टीएनएफ अडवल्यावर घटताना दिसले. म्हणजे सगळे सारख्या हुद्द्याचे नव्हते. टीएनएफ वरच्या पायरीवर होतं, आणि त्याचा आवाज ऐकून बाकीचे ओरडत होते.

या एका प्रयोगापाशी मी थोडा रेंगाळतो, कारण पुढचं सगळं यातून निघालं. काचपात्रात काय काय आहे याची यादी पुष्कळांनी केली होती. एक निरोप काढून टाकला तर यादीचं काय होतं, हा प्रश्न वेगळा आहे. यादीत सगळं शेजारी शेजारी दिसतं. कोण कुणामुळे आहे हे कळायला एकाला बाजूला काढूनच पाहावं लागतं.

टीएनएफच्या नावाने फसायला होतं, म्हणून दोन शब्द. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाला तो उंदरांमधल्या गाठी नष्ट करताना दिसला आणि ते नाव पडलं. कॅन्सरचं औषध म्हणून त्याच्याकडून मोठ्या आशा होत्या, त्या फळल्या नाहीत. १९८५ मध्ये कळलं की जुनाट आजारात प्राण्यांना खंगवणारं 'कॅकेक्टिन' नावाचं प्रथिन म्हणजेच हे. आमवाताचा पेशंट नुसता सांध्यांनी दुखत नाही, तो थकलेला असतो, वजन घटतं, भूक मरते. या तक्रारींत टीएनएफचा हात आहे.

काचपात्रानंतर उंदीर. एका जातीच्या उंदरांना कूर्चेतलं कोलॅजेन टोचलं की त्यांचे पंजे सुजतात आणि आमवातासारखा आजार होतो. रिचर्ड विल्यम्स यांनी १९९२ मध्ये दाखवलं की टीएनएफ अडवलं तर सूजही घटते आणि सांध्याची नासधूसही, आणि हे आजार सुरू झाल्यानंतर औषध दिलं तरीही. शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण माणूस डॉक्टरकडे येतो तो सांधे सुजल्यानंतरच.

सलाइनमधून एक प्रतिपिंड

माणसाला द्यायचं तर माणसात चालेल असं प्रतिपिंड हवं. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडं हवी तितकी बनवायची युक्ती शोधली होती, पण ती उंदराच्या पेशींतून येत. माणसाचं शरीर उंदराचं प्रथिन परकं म्हणून ओळखतं आणि त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. उपाय म्हणून टीएनएफला पकडणारी टोकं उंदराची ठेवून बाकी सांगाडा माणसाचा लावायचा, असं संकरित प्रतिपिंड न्यूयॉर्कच्या संशोधकांबरोबर सेंटोकॉर या अमेरिकी कंपनीने तयार केलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर होता सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जीवघेणा जंतुसंसर्ग. आमवातासाठी ते वापरून बघावं हा आग्रह लंडनचा. कंपनीत संशोधनाची जबाबदारी जेम्स वुडी यांच्याकडे होती, आणि त्यांनी पूर्वी फेल्डमन यांच्याच हाताखाली पीएचडी केली होती. विज्ञानाच्या इतिहासात अशा ओळखींना किती जागा असते, हे कुणी फारसं लिहीत नाही.

१९९२ मध्ये चॅरिंग क्रॉसमध्ये पहिल्या पेशंटांना हे औषध सलाइनमधून दिलं गेलं. एकूण वीस जण. इतर औषधं करून थकलेले, आजार जुना. मैनींचे सहकारी मायकल एलियट यांच्या नावाने १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुजलेल्या सांध्यांचा मध्यांक (निम्म्या पेशंटांचा आकडा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) सुरुवातीला १८ होता, सहाव्या आठवड्याला ५. दाह दाखवणारं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन ३९.५ वरून ८ मिलिग्रॅम प्रति लिटरवर आलं. सांधे मोकळे व्हायच्या आधीच अंगातला थकवा गेल्याचं पेशंट सांगत. त्यांना कुणी सायटोकाइन समजावून सांगितले नव्हते.

इथे एखाद्याने पत्रकार परिषद घेतली असती. पण वीसच्या वीस जणांना माहीत होतं की आपल्याला नवं औषध मिळतंय, आणि डॉक्टरांनाही ते माहीत होतं. आमवात आपणहूनही चढतो-उतरतो. शिवाय सांधा दाबून 'दुखतंय का?' विचारणारा माणूस आशावादी असेल तर उत्तरही तसंच येतं. अंगठ्याच्या मोजणीची हीच कमजोरी. म्हणून पुढची चाचणी अशी आखली गेली की कुणाला काय मिळतंय हे पेशंटालाही माहीत नाही आणि सांधे मोजणाऱ्यालाही नाही.

लंडन, व्हिएन्ना, लायडन आणि एर्लांगेन या चार ठिकाणी मिळून ७३ पेशंट. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट: एकाला नुसतं औषधाविना द्रावण, एकाला कमी मात्रा, एकाला दहापट मात्रा. एकच सलाइन, आणि चार आठवड्यांनी मोजणी. ठरलेल्या निकषानुसार सुधारणा दिसली ती औषधाविना गटात ८ टक्क्यांना, कमी मात्रेत ४४ टक्क्यांना, मोठ्या मात्रेत ७९ टक्क्यांना. १९९४ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मला यातला मधला आकडा सगळ्यात बोलका वाटतो. औषध खोटं असतं तर ४४ कुठून आला? मात्रा वाढवली की परिणाम वाढतो, अशी पायरी दिसली की संशयाला जागा उरत नाही.

परत सुजलेले सांधे

औषधाचा असर काही आठवड्यांनी उतरला. पुन्हा दिलं, पुन्हा बरं वाटलं, आणि पुन्हा उतरलं. काही जणांत तर दर खेपेला तो आधीपेक्षा लवकर उतरू लागला. कारण शोधलं तर शरीराने औषधालाच परकं मानून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली होती. उंदराचा तो थोडासा हिस्सा नडला.

इथे मैनींमधले रोजचे पेशंट बघणारे डॉक्टर कामाला आले. मेथोट्रेक्सेट हे मूळचं कॅन्सरचं औषध. १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मंजूर झालं, अगदी छोट्या मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच. (एकदाच. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून पुन्हा लिहितो.) दोन्ही औषधं एकत्र दिली तर? १९९८ मध्ये छापलेल्या चाचणीत १०१ पेशंट होते. सर्वांत कमी मात्रेत एकटं नवं औषध घेणाऱ्यांमध्ये सुधारणा टिकली मध्यांकाने २.६ आठवडे; मेथोट्रेक्सेटच्या जोडीने १६.५. औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याचं प्रमाण त्याच मात्रेत ५३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं.

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट: नव्या औषधाची मात्रा जितकी मोठी, तितकं शरीर त्याला कमी परकं मानत होतं. सर्वांत मोठ्या मात्रेत, मेथोट्रेक्सेट नसतानाही, ते प्रमाण ७ टक्केच होतं. थोडंसं परकं प्रथिन दिसलं की प्रतिकारशक्ती सावध होते, आणि भरपूर दिसत राहिलं की सरावते. ॲलर्जीच्या लशी देणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

मग आली ४२८ पेशंटांची मोठी चाचणी. तिचा एक निष्कर्ष ऐकून तेव्हाचे डॉक्टर खुर्चीत सरसावून बसले असतील. सांध्यांच्या एक्स-रेत हाडांची झालेली खराबी गुणांकनाने मोजतात. वर्षभरात नुसत्या मेथोट्रेक्सेटवर असलेल्यांचे खराबीचे गुण सरासरी ७ ने वाढले. दोन्ही औषधं घेणाऱ्यांचे ०.६ ने. आणि ज्यांना दुखण्यात फारसा फरक पडला नव्हता, त्यांच्यातही हाडांची खराबी बरीचशी थांबलेली होती. दुखणं आणि पोखरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे असं एक्स-रेवर उघडं पडलं. बरं वाटतंय म्हणून औषध सोडू नका, असं डॉक्टर डोकं खाऊन सांगतात त्याला हा आधार आहे.

या औषधाचं नाव इन्फ्लिक्सिमॅब. ही नावं जिभेला वळण लावतात, पण २०१७ पर्यंत ठेवलेल्या अशा नावांत खूण दडलेली असते. शेवटचा 'मॅब' म्हणजे एकाच जातीचं प्रतिपिंड; त्याआधी 'क्सि' असेल तर उंदीर-माणूस संकर. पुढे पूर्ण मानवी प्रतिपिंड आलं, त्याच्या नावात त्या जागी 'उ' आहे: अडॅलिमुमॅब. २००२च्या अखेरीस ते अमेरिकेत मंजूर झालं आणि कित्येक वर्षं जगातलं सर्वाधिक खपाचं औषध राहिलं. इन्फ्लिक्सिमॅबला आमवातासाठी तिथे १९९९ मध्ये परवानगी मिळाली; त्याच्या आदल्या वर्षी क्रोन या आतड्याच्या आजारासाठी मिळाली होती. आज सोरायसिस, मणक्याचा संधिवात, लहान मुलांचा संधिवात अशा अनेक आजारांत टीएनएफ अडवतात.

क्षयाची दुसरी भेट

टीएनएफ शरीरात उगाच नसतं. क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात असतात आणि आयुष्यभर गप्प राहतात, कारण त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींनी भिंत बांधलेली असते. ती भिंत उभी ठेवायला टीएनएफ लागतं. ते अडवलं की विटा निखळतात. २००१ मध्ये अमेरिकी औषध नियंत्रकांकडे आलेल्या नोंदींमधून इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० पेशंटांची माहिती छापून आली. त्यातल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी सलाइन झाले होते, इतक्या लवकर. चाळीस जणांत क्षय फुप्फुसाबाहेर होता. म्हणून आज ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि दबलेल्या क्षयाची तपासणी होते, आणि क्षय निघाला तर आधी त्याचे उपचार. पेशंटला हा उशीर वैताग आणतो. सांधे दुखत असताना छातीचा एक्स-रे कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर त्या भिंतीत आहे.

मैनी आणि फेल्डमन यांना २००० मध्ये क्रॅफर्ड पारितोषिक मिळालं. ते ठेवणारे स्वीडिश उद्योजक होल्गर क्रॅफर्ड स्वतः आमवाताने गांजलेले होते, आणि संधिवातातलं पारितोषिक दर वर्षी न देता खरोखर काही प्रगती झाली तरच द्यायचं, अशी अट आहे. २००३ मध्ये लास्कर पारितोषिक, त्याच वर्षी मैनींना 'सर'. पारितोषिकांबद्दल एवढं पुरे.

आजार सुरू व्हायच्या आधी

हे औषध आमवात बरा करत नाही, दाबून ठेवतं. थांबवलं की बहुतेकांत आजार परततो. आणि साधारण तिसरा हिस्सा पेशंटांना त्याचा पुरेसा गुण येत नाही. त्यांच्या सांध्यात बहुधा दुसरा कुणी वरच्या पायरीवर असतो, म्हणून आता इंटरल्युकिन-६ अडवणारी, बी-पेशी या पांढऱ्या पेशी कमी करणारी, टी-पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींना जागं व्हायला लागणारी हाक तोडणारी, आणि पेशीच्या आतच निरोप अडवणाऱ्या गोळ्या, अशी बरीच औषधं आहेत. कुणाला कोणतं लागू पडेल हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी मात्र नाही. एक देऊन बघतात, तीन-सहा महिने सांधे मोजतात, मग बदलतात. २०१३ मध्ये युरोपने इन्फ्लिक्सिमॅबच्या पहिल्या नकलेला परवानगी दिली तेव्हापासून किमती उतरू लागल्या, पण स्वस्त म्हणावीत अशी ही औषधं अजून नाहीत.

एक नवी वाट आहे. आमवातात शरीर स्वतःविरुद्धच बनवतं ती प्रतिपिंडं रक्तात सांधे सुजायच्या कित्येक वर्षं आधी दिसू लागतात. मग सूज यायच्या आतच आजार अडवता येईल? लंडनमध्ये किंग्ज कॉलेजच्या अँड्र्यू कोप यांच्या नेतृत्वाखाली अशी चाचणी झाली. कोप यांचे सुरुवातीचे शोधनिबंध मैनी आणि फेल्डमन यांच्याबरोबरचे आहेत. सांधे दुखतात, रक्तात ती प्रतिपिंडं आहेत, पण सूज अजून नाही, असे २१३ लोक निवडले. निम्म्यांना वर्षभर अबॅटासेप्ट, म्हणजे टी-पेशींची हाक तोडणारं औषध, आणि निम्म्यांना औषधाविना इंजेक्शन. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. वर्षअखेरीला औषधाच्या गटात ६ टक्क्यांना आजार सुरू झाला होता, दुसऱ्या गटात २९ टक्क्यांना. मग औषध बंद केलं आणि आणखी एक वर्ष लक्ष ठेवलं. दोन वर्षांच्या शेवटी आकडे होते २५ आणि ३७. म्हणजे औषध थांबल्यावर दरी बरीच बुजली. आजार टळला की नुसता पुढे ढकलला गेला, यावर या क्षेत्रात अजून वाद चालू आहे.

त्या चाचणीत आजार 'सुरू झाला' हे ठरवायच्या मुख्य निकषांपैकी एक असा होता: तीन किंवा अधिक सांध्यांत डॉक्टरांच्या हाताला लागणारी सूज, आणि मग खात्रीसाठी सोनोग्राफी.